मत्स्यविज्ञानातले शब्द: ‘ओव्हरफिशिंग’ आणि ‘ओव्हरफिश्ड’ दोन्हीला अतिमासेमारीच लिहायचं का?

मीठपाणी

नमस्कार मंडळी, मी भाषांतराचं काम करते आणि सध्या हातात मत्स्यव्यवस्थापनावरचा दीडशे पानांचा एक अहवाल आहे, तो मराठीत आणायचाय. विषय माझा नाही, पण काम मनापासून करायचंय कारण हा अहवाल ज्यांच्यासाठी आहे त्यांना तो खरंच वाचायचाय, नुसता कपाटात ठेवायचा नाहीये. अडचण अशी की एकेक शब्द डिक्शनरीत सापडतो पण वाक्य केलं की अर्थ हातातून निसटतो.

आता हेच बघा, एका पानावर आहे की या साठ्यावर ओव्हरफिशिंग होत नाहीये पण साठा ओव्हरफिश्ड आहे. मी लिहिलं ‘अतिमासेमारी होत नाही, पण अतिमासेमारी झालेली आहे’. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा माझं मलाच कळेना. मग स्टॉक. त्याला मी साठा म्हणतेय, पण पुढे येतं की एकाच जातीच्या माशाचे दोन स्टॉक आहेत, म्हणजे काय दोन ठिकाणी साठवलेत का? रिक्रूटमेंटला कोशात भरती आहे, पण समुद्राबद्दलच्या मजकुरात ‘यंदा भरती कमी झाली’ असं लिहिलं तर वाचणारा सरळ भरती-ओहोटीच समजणार ना? आणि एक एफ म्हणून आकडा सारखा येतो, एफ ०.३, त्याचं मी ३० टक्के करून टाकलंय, ते बरोबर आहे का? कॅच, लँडिंग, बायकॅच, डिस्कार्ड यांना मी आलटून पालटून पकड आणि मासळी असं काहीबाही वापरलंय. एमएसवायबद्दल (मॅक्झिमम सस्टेनेबल यील्ड, म्हणजे दरवर्षी टिकून राहील अशी जास्तीत जास्त पकड) नंतर विचारते, आधी एवढं तरी सुटू दे. कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज वेळ काढून सांगा.

ओटोलिथवाला

तुमचं ते अहवालातलं वाक्य अगदी बरोबर आहे आणि ते नीट उतरवलं तर अर्धा अहवाल सुटला म्हणून समजा. एक शब्द वेगाचा आहे, दुसरा स्थितीचा. विहीर डोळ्यासमोर आणा. उपसा किती चाललाय हा एक प्रश्न आणि पाणी किती खोल गेलंय हा दुसरा. ओव्हरफिशिंग म्हणजे आत्ता मासे ज्या वेगाने काढले जातायत तो वेग ठरवलेल्या मर्यादेच्या वर आहे, आणि ओव्हरफिश्ड म्हणजे पाण्यात आज जे काही उरलंय ते ठरवलेल्या किमान पातळीच्या खाली आहे. उपसा आज थांबवला म्हणून विहीर उद्या भरत नाही, तसंच मासेमारी आटोक्यात आणली तरी साठा वर यायला वर्षं लागतात, त्या मधल्या काळाबद्दलचं वाक्य आहे ते. उलटंही होतं, साठा अजून भरपूर आहे पण उपसा जोरात सुरू आहे, म्हणजे ओव्हरफिशिंग आहे पण ओव्हरफिश्ड नाही, आणि माझ्या मते सावध व्हायची खरी वेळ तीच असते. मी असतो तर ‘अतिमासेमारी सध्या होत नाही, मात्र साठा खालावलेला आहे’ असं लिहिलं असतं. खालावलेला या शब्दाचा आणखी एक फायदा आहे, दोष आधीच कुणाच्या माथी मारला जात नाही. उदाहरणार्थ पेरूच्या अँकोव्ही या छोट्या माशाची पकड १९७० मध्ये सव्वा कोटी टनांच्या आसपास गेली होती आणि १९७३ मध्ये ती २० लाख टनांच्या आसपास आली, त्यात बेसुमार मासेमारीही होती आणि १९७२चा एल निनोही होता, दोन्ही एकत्र.

आता एफ. ३० टक्के अजिबात लिहू नका, हे पहिलं बदला. आमच्याकडे मॉर्टॅलिटी हा शब्द दोन तुकड्यांत येतो, एफ म्हणजे मासेमारीमुळे होणारी मरतुक आणि एम म्हणजे नैसर्गिक मरतुक, म्हणजे दुसऱ्या माशाने खाल्लं, रोग, म्हातारपण वगैरे. दोन्हीची बेरीज झेड. मरतुक शब्द मुद्दाम सुचवतोय, कोंबड्या-शेळ्यांच्या बाबतीत मराठीत तो रुळलेला आहे आणि मृत्युदर म्हटलं की वाचणारा टक्क्यांकडेच जातो. हे आकडे क्षणाक्षणाला चालू असणाऱ्या दराचे असतात, कारण दोन्ही कारणं एकाच वेळी त्याच माशांवर चालून येत असतात आणि मासे कमी होत जातील तसे मरणारेही कमी होत जातात. वर्षाच्या सुरुवातीला १००० मासे धरा, एम ०.२ आणि एफ ०.३, म्हणजे झेड ०.५. वर्षाअखेर उरतात साधारण ६०७. मेले ३९३. त्यातले जाळ्यात गेले २३६ आणि आपोआप मेले १५७. ०.३ बघून तुम्ही ३०० लिहिले असते, खरे २३६ आहेत. आणि एफ १.२ सुद्धा असू शकतो, मग काय १२० टक्के मासे मारले लिहिणार? म्हणून आकडा आहे तसा ठेवा, ‘मासेमारी-मरतुक ०.३’, आणि पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ समजावून सांगा.

स्टॉकला साठा म्हणायला हरकत नाही, रुळलाय तो, फक्त सुरुवातीलाच सांगा की साठा म्हणजे ढीग नव्हे तर एकाच जातीचा असा गट जो आपापसांत प्रजनन करतो, वाढतो, मरतो आणि बाजूच्या गटात फारसा मिसळत नाही. मिसळत नाही म्हणूनच त्याचा हिशोब वेगळा ठेवता येतो. अटलांटिकमधला ब्लूफिन ट्यूना घ्या, जात एकच, पण पश्चिमेकडचा प्रामुख्याने मेक्सिकोच्या आखातात अंडी घालतो आणि पूर्वेकडचा भूमध्य समुद्रात, म्हणून व्यवस्थापनासाठी दोन साठे धरतात आणि मधे ४५ अंश पश्चिम रेखांशावर रेघ मारलीय. मासे अर्थातच खाण्याच्या शोधात ती रेघ ओलांडून इकडचे तिकडे जातात, त्यामुळे कुठल्या बाजूला पकडलेला मासा कुठल्या साठ्याचा यावर डोकं लावावंच लागतं.

रिक्रूटमेंटबद्दल तुमची शंका शंभर टक्के बरोबर, भरती लिहू नका. नवी भर म्हणा किंवा नव्या पिढीची भर. पण अर्थ नीट पकडा, हे जन्माबद्दल नाहीये. मासा अंड्यातून बाहेर आला म्हणून तो रिक्रूट होत नाही, तो वाढून जाळ्यात सापडण्याएवढा झाला किंवा हिशोबात धरलेल्या वयाला पोचला की मग ती भर पडली. एक कॉड मादी लाखोंनी अंडी घालते आणि त्यातली बहुतेक सगळी पहिल्या काही आठवड्यांतच संपतात, एखाद्या वर्षी पिल्लं फुटायच्या वेळेला बारीक खाद्य मुबलक असलं आणि प्रवाहाने त्यांना भलतीकडे नेलं नाही तर जास्त वाचतात. हे पहिल्यांदा ठासून मांडलं योहान यॉर्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये. त्याच्या समोर हेरिंग या माशाचं उदाहरण होतं, १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षं पकडीत सगळ्यात जास्त दिसत राहिली, बाकीच्या वर्षांची पोरं जवळजवळ नावालाच. त्याआधी पकड कमी-जास्त झाली की मासे कुठेतरी दुसरीकडे गेले असंच बऱ्याच जणांना वाटायचं.

आणि वय कळतं कसं हे विचाराल म्हणून सांगतो, माझं रोजचं काम तेच आहे. माशाच्या डोक्यात कानाच्या पोकळीत कॅल्शियमचे खडे असतात, ओटोलिथ. तो चिमट्याने काढायचा, रेझिनमध्ये बसवायचा, मधोमध पातळ काप घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरला की एकाआड एक गडद आणि फिकट वलयं दिसतात, झाडाच्या खोडासारखी. थंड समुद्रातल्या माशात वर्षाची वलयं बहुधा स्पष्ट असतात, उष्ण समुद्रात ऋतूंचा फरक कमी म्हणून बऱ्याचदा ती पुसट होतात आणि मग हजारो माशांच्या लांब्या मोजून त्यातून वयाचा अंदाज काढावा लागतो. त्यामुळे अहवालात ‘वय’ असेल तिथे ते वाचलेलं आहे की लांबीवरून काढलेलं आहे हे मूळ मजकुरात काय म्हटलंय ते बघून तसंच ठेवा.

डेकवरून

वरचा प्रतिसाद छान आहे, मी कॅच-लँडिंगचं सांगतो कारण मी ऑब्झर्व्हर म्हणून, म्हणजे पकडीची नोंद ठेवणारा निरीक्षक म्हणून, बोटीवर काम केलंय आणि या चार शब्दांनी माझं डोकं बरंच खाल्लंय.

जाळं वर ओढलं की शेवटच्या पिशवीची गाठ सोडतात आणि सगळा ढीग धाडकन डेकवर पडतो. मासे, खेकडे, तारामासे, शिंपले, चिखल, कधी एखादं तुटकं जाळं. यातलं जे जिवंत प्राणी म्हणून आलं ते सगळं कॅच, पकड. मग लोक गुडघ्यावर बसून निवडायला लागतात. ज्याच्यासाठी जाळं टाकलं होतं ते टार्गेट, लक्ष्य मासळी. बाकी न बोलावता आलेलं ते बायकॅच. आता इथे सगळे चुकतात, बायकॅच म्हणजे फेकून दिलेलं असं नाही! न बोलावता आलेलं असलं तरी विकलं जाणारं असेल तर ते ठेवतात. परत समुद्रात टाकतात ते डिस्कार्ड, आणि डिस्कार्डमध्ये लक्ष्य मासळीसुद्धा असते, लहान आकाराची किंवा कोटा संपलाय म्हणून टाकलेली. आणि बंदरावर जे उतरतं ते लँडिंग. म्हणजे पकड वजा टाकून दिलेलं म्हणजे उतरवलेलं. पकड, उतरवलेली मासळी, सोबत आलेली मासळी, टाकून दिलेली मासळी, असे चार शब्द ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, शब्द रिपीट होतोय म्हणून सुंदर दिसायला बदलू नका.

हे इतकं जीव तोडून का सांगतोय तर एका छापील तक्त्यात मी स्वतः पाहिलंय, मथळा पकडीचा आणि आकडे उतरवलेल्या मासळीचे. टाकून दिलेला भाग पूर्ण गायब. तो तक्ता वाचणाऱ्याला वाटणार की समुद्रातून एवढेच मासे गेले. आम्ही रात्र रात्र जागून टोपल्या मोजलेल्या, त्याचं पुढे असं झालं की त्रास होतो. मेलेला मासा पाण्यात परत टाकला म्हणून तो साठ्यात परत जात नाही ना.

अजून दोन गोष्टी. वजन कुठलं ते बघा. काही मासे बोटीवरच पोट साफ करून, डोकं काढून बर्फात टाकतात, म्हणजे बंदरावरचं वजन कमी भरतं, आणि आकडेवारीत ते गुणक लावून परत जिवंत माशाच्या वजनात आणतात. मूळ अहवालात लाइव्ह वेट असेल तर मराठीतही ‘जिवंत वजन’ असं यायलाच हवं. आणि लांबी. आमची एक फळी असते, एका टोकाला आडवी पट्टी, माशाचं नाक त्या पट्टीला टेकवायचं, अंग सरळ करायचं आणि शेपटीकडे वाचायचं. शेपटीच्या टोकापर्यंत वाचली तर टोटल लेंग्थ, शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत वाचली तर फोर्क लेंग्थ. ट्यूनासारख्या खोल खाचेच्या माशात या दोन्हीत चांगलाच फरक पडतो, मोठ्या माशात कित्येक सेंटिमीटर. एकूण लांबी आणि खाचेपर्यंतची लांबी असं लिहा, नुसतं लांबी नको.

मीठपाणी

दोघांचेही खूप आभार, मी वहीच केलीय. डेकवरून, तुमचा तो तक्त्याचा अनुभव वाचून मी माझी पाच पानं परत उघडली, दोन ठिकाणी मीच लँडिंगला पकड केलेलं आहे, आजच बदलते.

आता एक मूर्खासारखा वाटेल असा प्रश्न. अहवालात एका साठ्याची पकड दहा वर्षं जवळपास तेवढीच आहे आणि तरी लेखक म्हणतायत की साठा घसरतोय. मला वाटलं छापण्यात चूक असेल. पकड स्थिर म्हणजे साठा स्थिर ना? आणि सीपीयूई काय असतं, तेही याच प्रकरणात आहे.

आलेखातला

प्रश्न मूर्खासारखा नाहीये, या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी मोठमोठ्या चुका केल्यात. एक हिशोब करून दाखवतो, कागदावर तुम्हीही करू शकता.

सगळ्यात साधं मॉडेल शेफर या शास्त्रज्ञाचं, १९५४ चं. समुद्र जास्तीत जास्त १ लाख टन मासे पोसू शकतो असं धरा आणि वाढीचा दर ०.४. साठ्यात दर वर्षी किती वाढ होते ते साठा किती आहे यावर ठरतं. मासे फार कमी असतील तर वाढवायला आईबापच कमी, फार जास्त असतील तर खाणं आणि जागा पुरत नाही, बरोब्बर मधे, ५०,००० टनांवर, वाढ सगळ्यात जास्त, १०,००० टन. हाच तो तुमचा एमएसवाय, तुम्ही नंतर विचारणार होता ना. आता समजा कुणीतरी दरवर्षी १२,००० टन काढायचं ठरवलं. पहिल्या वर्षी साठा ५०,००० चा ४८,००० होतो. कुणाला कळतही नाही. पाचव्या वर्षाअखेर साधारण ३९,५००. दहाव्या वर्षाअखेर २४,१०० च्या आसपास. म्हणजे निम्मा व्हायला दहा वर्षं लागली. आणि मग? अकराव्याला १९,४००, बाराव्याला १३,७००, तेराव्याला ६,४००, आणि चौदाव्या वर्षी १२,००० टन काढायला मासेच नाहीत. या सगळ्या तेरा वर्षांत पकडीचा आलेख काढलात तर पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ आहे, १२,०००, १२,०००, १२,०००. जादा फक्त २,००० टन होते वर्षाला.

म्हणून नुसत्या पकडीवरून काही कळत नाही, त्यासाठी किती खटाटोप करावा लागला हे बघावं लागतं. तेच सीपीयूई (कॅच पर युनिट एफर्ट), मेहनतीच्या एका एककामागे मिळालेली मासळी. एकक काहीही असू शकतं, जाळं ओढल्याचे तास, हजार गळ, बोटीचे दिवस. प्रयत्नामागे पकड असं शब्दशः केलं तर फार विचित्र वाटतं, मी ‘प्रति एकक मासेमारी-प्रयास पकड’ असंही वाचलंय पण ते कुणी बोलत नाही. तासामागे पकड, हजार गळांमागे पकड, असं एकक सरळ नावाने घातलंत तर कुणालाही कळेल.

पण सीपीयूईवरही डोळे झाकून विश्वास नको. कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रातलं कॉड हे या विषयातलं सगळ्यात मोठं दुःख आहे. १९६८ मध्ये तिथे ८ लाख टनांच्या आसपास कॉड पकडला गेला होता. नंतर साठा घसरत गेला, पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ट्रॉलरवाल्यांचं तासामागचं प्रमाण छान दिसत होतं, कारण उरलेले मासे विखरून राहिले नाहीत, ते कमी जागेत दाटीने जमले आणि बोटी सोनार (आवाजाच्या लहरींनी मासे शोधणारं यंत्र) लावून नेमक्या तिथेच जात होत्या. संशोधन जहाजं मात्र आधी ठरवलेल्या ठिकाणीच जाळं टाकतात, मासे असोत नसोत, आणि त्यांच्या आकड्यांत घट दिसत होती. शेवटी २ जुलै १९९२ ला कॅनडा सरकारने बंदी जाहीर केली आणि ३०,००० च्या वर माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. साठा घसरत असताना तासामागची पकड टिकून राहणं याला हायपरस्टॅबिलिटी म्हणतात, मी मराठीत ‘फसवी स्थिरता’ म्हणतो, तुम्हाला पटलं तर वापरा.

तर तुमच्या अहवालातली ती सरळ रेघ छापण्यातली चूक नाहीये. त्या पानावर सर्वेक्षणाचा आलेख असेल तर तो आधी बघा.

तळाशी

एमएसवाय निघालाच आहे तर माझं स्पष्ट मत, ही कल्पना आता बाजूला ठेवायला हवी. आलेखातला यांनी दाखवलं तसं कागदावर ती सुंदर आहे पण प्रत्यक्षात १ लाख टन आणि ०.४ हे दोन्ही आकडे कुणालाच नेमके माहीत नसतात, वरून समुद्राचं तापमान बदललं की तेही बदलतात. आणि एकेका जातीचा वेगळा कमाल आकडा काढायचा पण ती जात दुसऱ्या जातीचं खाणं आहे हे विसरायचं, हे कसं चालेल? छोटे मासे कमाल पातळीवर काढले तर मोठे मासे आणि समुद्रपक्षी काय खातील? शिवाय जुन्या मोठ्या माद्यांचं काय, जोराने मासेमारी केली की सगळ्यात आधी त्याच संपतात आणि बऱ्याच जातींत मोठी मादी किलोमागेसुद्धा लहान मादीपेक्षा जास्त अंडी घालते. टनांच्या हिशोबात हे दिसतच नाही.

आलेखातला

तळाशी, तुमचं बरंचसं मान्य आहे, पण बाजूला ठेवता येणार नाही, कारण ते कायद्यात आहे आणि कायद्यात नसतं तर त्या जागी काहीच नसतं. फरक एवढाच पडलाय की पूर्वी तो गाठायचा आकडा होता, आता शहाण्या ठिकाणी तो ओलांडायचा नाही असा आकडा धरतात. १९९५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मत्स्यसाठा कराराच्या परिशिष्टात तसंच आहे, एमएसवाय देणारा मासेमारी-मरतुकीचा दर हा मर्यादा-निर्देशांकाचा किमान दर्जा मानावा. म्हणजे टार्गेट त्याच्या अलीकडे हवं. भाषांतर करताना टार्गेट आणि लिमिट हे दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका, एक लक्ष्य आणि दुसरी मर्यादा. मूळ मजकुरात लिमिट असताना मराठीत लक्ष्य आलं तर वाचणारा कड्याकडेच चालत जाईल.

मोठ्या माद्यांचं मात्र तुम्ही अगदी योग्य बोललात. म्हणून चांगल्या अहवालात एकूण बायोमास (माशांचं एकूण वजन) आणि अंडी घालण्याएवढ्या वाढलेल्या माशांचा बायोमास वेगळा देतात. मीठपाणी, दुसऱ्याला ‘प्रजननक्षम साठ्याचं वजन’ म्हणा.

ओटोलिथवाला

याच्यातच एक जोडतो. अतिमासेमारीचेही दोन प्रकार लिहिलेले असतील. मासे वाढायच्या आधीच पकडले म्हणून वजनात तोटा, ती ग्रोथ ओव्हरफिशिंग. आणि आईबापच इतके कमी उरले की नवी पिढीच येईना, ती रिक्रूटमेंट ओव्हरफिशिंग. पहिल्यावर जाळ्याची आस (भोकांचा आकार) मोठी करून बराच उपाय होतो, दुसरी खरी धोक्याची. ‘वाढीआधीची’ आणि ‘पिढी खुंटवणारी’ असं मी शिकवताना सांगतो, मुलांच्या लक्षात राहतं.

सागरकायदा

उशिरा आलो. कायद्याच्या भागातले शब्द कुणी घेतले नाहीत म्हणून थोडं.

ईईझेडला अनन्य आर्थिक क्षेत्र हा रुळलेला शब्द आहे, किनाऱ्याच्या आधाररेषेपासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटर. १९८२ च्या सागरी कायदा करारातून आलं, तो करार लागू झाला १९९४ ला. यातली मोठी चूक म्हणजे तिथे सार्वभौमत्व लिहिणं. सार्वभौमत्व १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्रात असतं. अनन्य आर्थिक क्षेत्रात किनारी देशाला माशांवर आणि इतर संसाधनांवर सार्वभौम हक्क असतात, पण तिथून दुसऱ्या देशाचं जहाज जाऊ शकतं. एका शब्दाने अर्थ उलटतो.

टीएसी म्हणजे एका साठ्यातून वर्षाला एकूण किती काढू द्यायचं ते, एकूण अनुज्ञेय पकड. कोटा म्हणजे त्यातला एकाचा वाटा, मग तो देशाचा असो, बोटीचा असो नाहीतर माणसाचा. काही ठिकाणी हा वाटा विकता येतो, न्यूझीलंडने १९८६ ला तशी व्यवस्था आणली. दोन्हीला कोटा लिहू नका.

आययूयूची तीन अक्षरं म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बेकायदा, न नोंदवलेली आणि अनियंत्रित. सरसकट बेकायदा मासेमारी असं लिहिलेलं मी बरेचदा वाचतो आणि ते चूक आहे. खुल्या समुद्रात जिथे नियमच नाही तिथली मासेमारी अनियंत्रित असेल, कायदा मोडलेला असेलच असं नाही.

आणि स्ट्रॅडलिंग स्टॉक म्हणजे एका देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात आणि त्याला लागून असलेल्या खुल्या समुद्रात, दोन्हीकडे पसरलेला साठा. दूरवर फिरणारे ट्यूनासारखे मासे हा वेगळा वर्ग आहे, करारात त्यांची वेगळी यादीच दिलेली आहे. पहिल्याला ‘सीमा ओलांडून पसरलेला साठा’ आणि दुसऱ्याला ‘दूरस्थलांतरी’ असं मी वापरतो.

मीठपाणी

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा महिना वाचवलात. तळाशी आणि आलेखातला यांच्यातली चर्चा दोनदा वाचली, लक्ष्य आणि मर्यादा हे माझ्याकडून नक्कीच मिसळलेलं आहे, सोळाव्या पानावर आत्ताच सापडलं.

सुरुवातीचा परिच्छेद परत केलाय, बघाल का: ‘या साठ्यावर सध्या अतिमासेमारी होत नाही, मात्र साठा खालावलेला आहे. गेल्या वर्षी मासेमारी-मरतुक ०.३ टक्के होती व ती मर्यादेच्या आत आहे. प्रजननक्षम साठ्याचं वजन किमान पातळीच्या खाली असून मागील तीन वर्षांत नव्या पिढीची भर कमी पडली. उतरवलेली मासळी स्थिर असली तरी सर्वेक्षणातील तासामागची पकड घटली आहे.’

डेकवरून

वाचताना डोळ्यासमोर येतंय, मस्त. शेवटच्या वाक्यात उतरवलेली मासळी बरोबर पडलंय, पण मूळ तक्ता लँडिंगचाच आहे ना ते एकदा बघून घ्या.

ओटोलिथवाला

छान झालंय. फक्त ०.३ च्या पुढचा ‘टक्के’ काढा.